टेकडीला वारा कमी पडला

"दम नाई."

नव्या जागी गेले की भाऊ दारातच थांबत, हनुवटी वर करत, डोळे बारीक करत आणि हे दोन शब्द बोलत. लग्नाचा मांडव असो, बँक असो की दवाखाना. बोलत असत ते वाऱ्याबद्दल, पण ज्यांना हे ठाऊक नसे ते दुखावत. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्याला मुलीकडच्यांच्या दारात उभे राहून भाऊ असंच म्हणाले आणि मुलीचे मामा जेवणाआधीच रुसून बसले. हा माणूस पवनचक्कीवाला आहे, त्याला पोरीबद्दल काही म्हणायचं नाही, हे मामांच्या गळी उतरवता उतरवता माझ्या पानातली भजी पार गार झाली.

तळेगावात माझी पिठाची चक्की आहे. तळेगाव म्हणजे श्यामजी पंतांचं, आष्टी तालुक्यातलं; तळेगावं पुष्कळ आहेत म्हणून सांगावं लागतं. भाऊंचं घर चक्कीच्या अगदी समोर. गाव त्यांना हवावाले भाऊ म्हणायचं, मी नुसतंच भाऊ. आयटीआय झाल्या झाल्या ते पवनचक्क्यांच्या कंपनीत लागले. उंच टॉवरवर चढून नटबोल्ट कसायचे, तेल बदलायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं, हे त्यांचं काम. आधी तामिळनाडू, मग साताऱ्याचं पठार, मग राजस्थान आणि शेवटी कच्छ. घरी यायचे दिवाळीला आणि उन्हाळ्यात एकदा. घरी म्हातारी आई, बायको, एक मुलगी, थोडी शेती आणि संत्र्याची झाडं. आई अंगण सोडून रस्त्यापर्यंत यायला राजी नाही, ती कच्छला काय जाणार? आणि बायको सासूला टाकून जाणाऱ्यातली नाही. तेव्हा संसार तळेगावात आणि नोकरी वारा असेल तिथं. वारा वर्धा जिल्ह्यात नाही, हे तुम्हाआम्हाला भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य वाटेल. भाऊंच्या घरात त्याचा अर्थ असा होता की पोरगी चालायला लागली ते बापानं फोनवर ऐकलं.

सुट्टीवर आले की त्यांचा मुक्काम माझ्या चक्कीवर. रिकामं बसवत नसे. चक्कीचा पट्टा पाहा, जाळी पाहा, पान्हा घेऊन प्रत्येक नट कसा. "ताई, ढिल्ला हाये," हे त्यांचं दुसरं पालुपद. गावातल्या खाटा, फाटकं, पाळणे, सगळं त्यांनी कसलं. एकदा देवळातली घंटा इतकी घट्ट कसली की ती हलेचना. पुजाऱ्यानं हातानं टोला मारून आरती उरकली आणि त्यानंतर भाऊंना घंटेच्या जवळ जाऊ दिलं नाही.

एकदा दळणाला गर्दी असताना भोयरबाईंनी विचारलं, "काऊन हो भाऊ, त्या पवनचक्क्या आपल्याकडंच काऊन नाई? आपण काय घोडं मारलं सरकारचं?"

झालं. भाऊ उठले आणि रांगेतले डबे हलवायला लागले. हॉटेलवाल्याचं मोठं पिंप दारापाशी आणलं. "हा गुजरात." त्याला खेटून दुसरं पिंप. "हा तामिळनाडू. लय वर्सं हाच पुढं होता, आता गुजरात त्याच्या पुढं गेला." मग तीन मोठे डबे ओळीनं. "कर्नाटक, राजस्थान अन् आपला महाराष्ट्र. याइची आपसात चालूच राह्यते." मग आंध्र, मग मध्य प्रदेश. सगळ्यात शेवटी बेसनाचा एक छोटा डबा, तो केरळ.

"अवं बाप्पा, माहा डबा काऊन मागं नेला?" भोयरबाई उसळल्या. "सकाळपासून नंबर लावून बसली मी!"

"काकू, तुम्ही मध्य प्रदेश हाये."

"मी कायले मध्य प्रदेश होऊ? माहं माहेर रोहण्याचं!"

चक्कीवर हसण्याचा नुसता गोंधळ. पण भाऊ गंभीर होते. त्यांनी दळून झालेला महाराष्ट्राचा डबा उघडला आणि एका अंगाला तिरपा केला. सगळं पीठ एका कडेला गेलं. "हे पाहा. सातारा, सांगली, धुळं, नंदुरबार, नगर. पीठ सारं इकडच्या अंगाले. अन् हा आपला विदर्भ." त्यांनी डब्याच्या उघड्या पडलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही.

"हात धुतले होते का?" डब्याची मालकीण म्हणाली.

मी विचारलं, मोठं पिंप म्हणजे जास्त वीज का? तर म्हणाले, "नाई ताई, तिथंच लोक चुकते. डबा केवढा, ते झाली क्षमता. दळून किती निघालं, ते वीज. टावर कितीबी उभे करा. वारा येईन तेव्हाच पीठ पडन." एवढं साधं मला अजून कोणी सांगितलेलं नाही. तरी डबे परत नंबरानं लावताना रांगेत जी भांडणं झाली ती मलाच निस्तरावी लागली.

आता मुख्य गोष्ट. अलीकडं टॉवर उंच झाले, पाती लांब झाली, त्यामुळं वारा कमी असलेल्या मुलखातही कंपन्या चाचपणी करायला लागल्या. भाऊंच्या कंपनीची नजर आमच्या गावामागच्या टेकडीवर पडली. तिथं एक जाळीदार लोखंडी मनोरा उभा करायचा, टोकाला वाट्या लावायच्या, वाऱ्यानं त्या किती जोरात फिरतात ते यंत्र वर्षभर टिपत राहणार. हे कळल्याबरोबर भाऊंनी साहेबांकडं धरणंच धरलं आणि मनोऱ्याच्या देखरेखीवर बदली मागून घेतली. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. वारा पुरेसा निघाला तर इथं पवनचक्क्या लागतील आणि भाऊ तिथले प्रमुख होऊन कायमचे घरी राहतील. नाही निघाला तर परत कच्छ. हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, भोयरबाईंनासुद्धा.

दिवाळी झाली आणि मनोरा उभा राहिला. भाऊंची बायको दळण घेऊन आली, डबा नेहमीपेक्षा मोठा. "आता रोजचं मानूस वाढलं नं," एवढंच म्हणाली. ती मोजकंच बोलते. पण त्या दिवशी तिनं नवीन बांगड्या भरल्या होत्या, ते मी पाहिलं.

घरात मात्र भाऊंना जागा सापडेना. मुलगी नववीत. बाप घरात असला की ती सरळ बसायची, टीव्ही लावायच्या आधी विचारायची, ताटात वाढलेलं मुकाट्यानं संपवायची. पाहुण्यासमोर वागतात तशी. भाऊ चक्कीवर येऊन मला म्हणायचे, "पोट्टी लय गुणाची निंघाली, ताई," आणि म्हणताना त्यांचा चेहरा पडलेला असायचा. मला कळत होतं, पण आपण काय सांगणार? थंडी संपता संपता एके सकाळी भाऊ रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच आले.

"ताई, आज पोरगी माह्यावर वरडली!"

"काऊन?"

"म्या तिचा कंगवा घेतला. अशी वरडली, अशी वरडली! म्हने, सतरांदा सांगितलं, माह्या वस्तूले हात लावत नोको जाऊ!"

असं म्हणून ते पोत्यावर बसले आणि हसतच राहिले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पिठामुळं नव्हतं. मी त्यांना चहा पाजला.

चैत्रात घोळ झाला. भाऊंच्या सासुरवाडीला, हिंगणघाटला, लग्न होतं. म्हातारीला माझ्या हवाली करून तिघंही गेले आणि आठवडाभर राहिले. जाताच इकडं हनुमान जयंती आली. आमच्या टेकडीवर मारोतीचं ठाणं आहे. दरवर्षी त्या दिवशी बांबूला नवा झेंडा लावतात. यंदा पोट्ट्यांच्या डोक्यात आलं की बांबूपेक्षा उंच मनोरा शेजारी उभा असताना झेंडा बांबूला कशाला? आणि त्यांचा हिशेब पाहा: मारोती कोण, वाऱ्याचा पोरगा. त्याचा झेंडा वारा मोजायच्या खांबावर लावला तर बाप काय पोराला नाही म्हणेल? वारा येणारच. गाववाल्यांना हे पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. एकानं वर चढून टोकाला झेंडा बांधला, नारळ फुटला, खाली सगळ्यांनी जयजयकार केला.

भाऊ परतले ते बसमधून उतरतानाच त्यांची नजर टेकडीकडं गेली. पिशवी रस्त्यात टाकून ते तसेच मधोमध उभे राहिले, मागून मोटारसायकलवाले भोंगे वाजवतात तरी हलेनात. झेंड्याचं कापड वाट्यांना गुंडाळलं गेलं होतं आणि वाट्या जाम झाल्या होत्या.

"झेंडा काढा," त्यांनी देवळात जाऊन सांगितलं.

"देवाचा झेंडा हाये. वर्सभर काढत नाई," पुजारी म्हणाला. घंटेचा राग त्याच्या मनात होताच. म्हाताऱ्या माणसांनीही माना हलवल्या. पोट्टे तर चिडलेच. आम्ही तुमच्यासाठी केलं अन् तुम्ही देवाच्या झेंड्याले हात लावता, असं म्हणायला लागले. शेवटी निकाल दिला तो त्यांच्या आईनं. तिला अंगणात खुर्चीवर बसवून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काढाचा नाई, बराबर हाये. पन हालवाले काय झालं? देव पालखीत बसून गावभर नाई का फिरत?"

हे पुजाऱ्यालाही मान्य करावं लागलं. दुसऱ्या दिवशी भाऊ आंघोळ करून, ओल्या पंच्यानं, अनवाणी मनोऱ्यावर चढले. पंच्यावर कमरेला सुरक्षेचा पट्टा आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. "मारोतीले कदी हेल्मेट लागलं नाई!" खालून कोणीतरी ओरडलं आणि पुजारीसुद्धा हसला. भाऊंनी झेंडा सोडवून पोटाशी बांधला. मग ते लगेच उतरले नाहीत. वर बसून वाट्या हातानं फिरवत राहिले, फिरवायच्या आणि थांबेपर्यंत पाहायचं, परत फिरवायच्या. खाली आले, झेंडा बांबूला बांधला, मारोतीला नमस्कार केला. संध्याकाळी चक्कीवर मला म्हणाले, "बरं झालं ताई, वाट्याइले काई झालं नाई. लोण्यावानी फिरून राह्यल्या." इतका हलका झालेला माणूस मी क्वचित पाहिला असेल.

पावसाळा म्हणजे वाऱ्याचा हंगाम. आषाढात वाट्या गरगर फिरायच्या आणि गल्लीत आम्हा सगळ्यांच्या माना टेकडीकडं असायच्या. माझ्या पत्र्यावरची ताडपत्री उडून गेली तेव्हा मला पहिल्यांदा आनंद झाला. श्रावणात मात्र वारा रेंगाळला आणि पुढं तर झाडाचं पान हलायची मारामार. कोणी विचारलं तर भाऊ म्हणायचे, "मोजू द्या." त्या टेकडीबद्दल त्यांनी एकदाही दम आहे की नाही हे सांगितलं नाही. मुलगी आता दहावीत गेली होती. रात्री जेवण झालं की ती बापाला भूमितीची प्रमेयं म्हणून दाखवायची आणि चुकलं की दोघं हुज्जत घालायची. भिंतीला भिंत नसली तरी रस्त्यापलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

दसऱ्यानंतर पुण्याचे साहेब आले. तरुण होते, वागायला चांगले. गावातली लाइट गेली होती, चक्की बंद होती, म्हणून ते आणि भाऊ माझ्याच बाकावर बसून बोलले आणि मला शब्द न शब्द ऐकू आला. वारा कमी निघाला होता. थोडाथोडका नाही, बराच कमी.

मग साहेबच म्हणाले, "एक रस्ता आहे. ते झेंड्याचं प्रकरण झालं ना? त्या ओढाताणीत वाट्यांचं बेअरिंग खराब झालं असेल, तर तेव्हापासून यंत्र वारा कमीच दाखवत राहणार. मग हे सगळं वर्ष धरता येत नाही, नव्यानं वर्षभर मोजावं लागेल. वाट्या वर जाऊन तुम्हीच पाहिल्या होत्या. तुम्ही म्हणालात की बेअरिंग अडकत होतं, तर मी वर तसं सांगतो. तुमच्या शब्दावर आहे."

एक वर्ष. म्हणजे पोरीची दहावी पार पडेस्तोवर बाप घरी. मी गल्ल्याआडून भाऊंना खुणावत होते, हो म्हणा, हो म्हणा. तेवढ्यात त्यांची मुलगीच चहाची किटली घेऊन आली. तिनं दोघांना कप दिले, मग बापाला म्हणाली, "बाबा, लौकर येजा. प्रमेय राह्यलं आपलं." आणि गेली. भाऊंनी ती रस्ता ओलांडून घरात शिरेपर्यंत पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "बेअरिंग चांगलं होतं. म्या हातानं फिरवून पाह्यलं. झेंडा आठ दिवस होता. वारा त वर्सभर नव्हता."

साहेब चहा संपवून निघून गेले आणि मी भाऊंवर तुटून पडले. मी काही शांत बाई नाही. "एक शब्द बोलले असते त काय बिघडलं असतं? कोनाचं वाईट झालं असतं? बेअरिंगले काय तोंड हाये, ते येऊन सांगनार होतं?"

"ताई, वर्सभर मले रोज त्या टेकडीकडं पाहा लागलं असतं," ते म्हणाले. "अन् रोज मनात म्हना लागलं असतं, याले काईच झालं नाई. मंग लेकीले प्रमेय शिकवाचं? मले नाई जमत." कप बाकावर ठेवला आणि घरी गेले. ते बरोबर वागले असं लोक आता म्हणतात. मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. त्या घरात दिवा लागलेला आणि तिघं-चौघं बोलताना मी वर्षभर पाहिलं होतं, तेव्हा मला बेअरिंगचं काय कौतुक?

पोट्ट्यांना वाईट वाटलं. आपल्या झेंड्यावर खापर फुटायला त्यांची तयारी होती, उलट हौसच होती. त्यांनी दोन दिवस भाऊंशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मनोरा उतरवायला मात्र सगळे आले. भाऊंनीच मनोऱ्याला चहूबाजूंनी ओढून धरणाऱ्या ताणतारा सोडवल्या, एकेक तुकडा खाली घेतला, नट मोजून पिशवीत भरले. पुढच्या आठवड्यात ते कच्छला गेले. नागपूरची बस सकाळी होती. मुलगी बसपर्यंत गेली, बायको दारातच उभी राहिली आणि बस वळल्यावर आत जाऊन भांडी घासायला बसली.

त्याच दिवशी दुपारी ती दळण घेऊन आली. चक्की चालू होती, रांगेत चार-पाच बाया. तिचे गहू मी वरच्या तोंडात ओतले आणि मला राहवलं नाही. म्हटलं, पोरीच्या दहावीसाठी तरी ते थांबले असते, तुम्ही काहीच कशा बोलल्या नाहीत? चक्कीच्या घरघरीत तिला ऐकू गेलं नाही. मी परत, मोठ्यानं विचारलं.

तिनं पदर सावरला, माझ्याकडं पाहिलं आणि तशाच मोठ्या आवाजात, जवळजवळ ओरडून म्हणाली, "मले इचारलं असतं त मी म्हनलं असतं, बोला खोटं! म्हनून त याइनं मले इचारलंच नाई!"

चक्कीवर हळू बोलून भागत नाही. रांगेतल्या सगळ्या बायांनी ते ऐकलं. भोयरबाईंनी आपला डबा बाजूला सरकवून तिला बसायला जागा करून दिली. ती बसली. गहू संपेपर्यंत मी जाळीकडंच पाहत उभी राहिले.